टंचाईच्या काळात नाशिक जिल्हा काय बघत होता? ‘लोक दुःख विसरायला सिनेमाला जातात’ हे मला मान्य नाही

गोदाकाठ

गेल्या आठवड्यात गंगापूर रोडला जुन्या गाण्यांच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. सत्तरच्या दशकाबद्दल बोलताना निवेदकांनी सांगितलं, की ७२चा दुष्काळ, मग महागाई, संप, आणीबाणी यांनी माणसं गांजली होती आणि तीन तास सगळं विसरायला ती टॉकीजमध्ये जाऊन बसायची. सभागृहाने माना डोलावल्या. हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की त्यावर कोणी प्रश्नच विचारत नाही. मला ते पटत नाही. का पटत नाही ते मांडतो, तुम्हीही मोकळेपणाने बोला.

आधी तो काळ डोळ्यांपुढे आणू. १९७० पासूनच पाऊस ओढ देत होता, ७२ला त्याने पाठ फिरवली. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. आपल्याकडे निफाडच्या कालव्याच्या पट्ट्यात निदान पाणी तरी दिसत होतं, पण सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड इकडे माणसं खडी फोडत होती, बंडिंगवर म्हणजे बांध घालायच्या कामावर माती वाहत होती. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी, कामावर सुकडी हा तयार पूरक आहार. ७३चा पाऊस बरा झाला, तर ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं आणि रॉकेलपासून गोडेतेलापर्यंत सगळ्याला रांगा लागल्या. घाऊक भाव वर्षाला २० टक्क्यांच्या वर चढत होते. मे ७४ मध्ये रेल्वेचा संप, जून ७५ मध्ये आणीबाणी.

आता या वर्षांत मराठी माणसाने डोक्यावर कोणाला घेतलं? दादा कोंडक्यांना. ‘सोंगाड्या’ १९७१, ‘एकटा जीव सदाशिव’ १९७२, ‘आंधळा मारतो डोळा’ १९७३, ‘पांडू हवालदार’ १९७५. एकामागून एक रौप्यमहोत्सव. दादांचा नायक आठवा. ढगळ अर्धी चड्डी, तिची गुडघ्यापर्यंत लोंबणारी नाडी. ना रूप, ना शिक्षण, ना जमिनीचा तुकडा. गावातला जो तो त्याला गंडवतो आणि भोळ्या चेहऱ्याने तो असं काही बोलतो की समोरच्या प्रतिष्ठिताची बोलती बंद होते. दिवसभर मुकादमापुढे मान खाली घालून हजेरी लावणारा माणूस हे बघताना स्वतःचं आयुष्य विसरत होता? मला वाटतं तो ते ओळखत होता. मुकादमाला जे ऐकवता येत नव्हतं ते दादा त्याच्या वतीने ऐकवत होते. आणि ‘पांडू हवालदार’ आणीबाणीच्या सालात आला हेही लक्षात घ्या. ज्या खाकीची लोकांना धास्ती होती त्याच खाकीतला माणूस हसण्याचा विषय झाला.

हिंदीत बघा. मनोज कुमारचा ‘रोटी कपडा और मकान’ १९७४च्या मोठ्यात मोठ्या चित्रपटांपैकी. त्यातलं महागाईने मारून टाकल्याचं गाणं १९७५च्या, रेडिओवरच्या बिनाका गीतमालेच्या वार्षिक यादीत पहिलं आलं. प्रेमगीत नाही, विरहगीत नाही, भाववाढीवरचं गाणं! लोकांना भाववाढ विसरायची असती तर त्यांनी पहिल्या नंबरला ते बसवलं असतं का?

आणखी एक बोचणारी गोष्ट. नाशिकच्या सांस्कृतिक इतिहासाबद्दल बोलताना आपण तात्यासाहेब शिरवाडकर, वसंतराव कानेटकर, गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला, १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय यांच्याशी येऊन थांबतो. यातल्या प्रत्येकाचा मला अभिमान आहे. पण त्याच वर्षांत जिल्ह्यातली बहुसंख्य माणसं तंबूत, जत्रेत, टॉकीजमधल्या स्टॉलच्या म्हणजे सर्वांत स्वस्त लाकडी बाकांवर बसून जे बघत होती ते आपल्या इतिहासात येतच नाही. आलंच तर ‘गांजलेल्यांचा विरंगुळा’ म्हणून येतं. हा त्या माणसांवर अन्याय आहे.

पडद्यामागे

गोदाकाठ, लिहिलंय छान, पण तुम्ही निवडक उदाहरणं घेतलीत.

माझे वडील एका वितरकाकडे नोकरीला होते. पिक्चरच्या रिळांच्या पेट्या घेऊन एसटीने नाशिक, मनमाड, मालेगाव असं त्यांचं सतत फिरणं. पेटी वेळेवर पोचली नाही तर खेळ रद्द आणि लोक खुर्च्या फोडतात, त्यामुळे त्यांचा जीव त्या पत्र्याच्या पेट्यांमध्ये असायचा. कुठे काय चाललं आणि काय पडलं हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्या तोंडून मी ७३-७४ सालासाठी एकच नाव ऐकत आलो: ‘बॉबी’. श्रीमंत मुलगा, कोळ्याची मुलगी, नवेकोरे चेहरे, पोहण्याचा तलाव, काश्मीरचा बर्फ. रांगा पार रस्त्यापर्यंत. त्यात महागाई कुठे होती? रॉकेल कुठे होतं? पोरांनी तसले शर्ट शिवून घेतले, मुलींनी ठिपक्यांचे ब्लाउज शिवले. ज्यांच्याकडे कापडाला पैसे नव्हते त्यांनीसुद्धा.

दुसरं, दादांचे पिक्चर टंचाई सरल्यावरही तसेच चालले. ‘राम राम गंगाराम’ १९७७चा, ‘ह्योच नवरा पाहिजे’ १९८०चा. मग टंचाईशी त्यांचा संबंध काय राहिला? दादा चालले कारण ते जातिवंत विनोदवीर होते. ‘विच्छा माझी पुरी करा’पासून त्यांचा हजरजबाबीपणा लोकांना माहीत होता. सुकाळ असता तरी ते चाललेच असते.

आणि टॉकीज म्हणजे नुसता पिक्चर नव्हे हो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला तीन तास अंधार आणि डोक्यावर पंखा मिळायचा. माझे वडील सांगायचे, मालेगावात यंत्रमागावरची माणसं पाळी सुटली की थेट टॉकीजला येत, आणि काही तर गाणी सोडून बाकीचा वेळ झोपत. त्यांना ना वास्तव हवं होतं ना स्वप्न, त्यांना टेकायला जागा हवी होती. तुमचे निवेदक चुकले असतील असं मला वाटत नाही. विसरणं ही काही कमीपणाची गोष्ट नाही. दमलेल्या माणसाचा तो हक्क आहे.

मनमाड_जंक्शन

महागाईच्या त्या गाण्याबद्दल मला बोलायलाच हवं.

मी रेल्वे कॉलनीत वाढलो. ८ मे १९७४ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. देशभर सतरा लाखांच्या आसपास कामगार. इगतपुरी आणि मनमाड म्हणजे रेल्वेवर जगणारी गावं, तेव्हा इथे काय वातावरण असेल त्याची कल्पना करा. माणसं अटकेत, काही भूमिगत, क्वार्टर खाली करा म्हणून दारावर थापा. तीन आठवड्यांत संप मागे घेतला गेला, पण पुढे कित्येक महिने कोणाची नोकरी गेली, कोणाची सेवा खंडित धरली, हेच घरोघरी चाललं होतं.

‘रोटी कपडा’ त्यानंतर आला. आमच्या ओळीत एकाच घरी मोठा रेडिओ. तेव्हा रेडिओला लायसन्स लागायचं, वर्षाचे पैसे पोस्टात भरावे लागत, आणि संपानंतर काही घरांनी ते भरलंच नाही. म्हणून बुधवारी रात्री आठला सगळे त्या एका ओट्यावर जमत. रेडिओ सिलोन नीट लागावं म्हणून एक जण तार हातात धरून उभा. ते गाणं लागलं की बायापोरांसकट सगळे टाळ्या वाजवायचे. बडतर्फ झालेले काका तर उठून नाचायचे.

म्हणजे गोदाकाठांचं बरोबर, लोकांना तो विषय टाळायचा नव्हता. पण त्या ओट्यावर मी जे पाहिलं त्याचा अर्थ मी वेगळा लावतो. गाणं संपलं की राग उतरलेला असायचा. संप मोडला होता, युनियनच्या सभेला माणूस येईना, आणि इकडे तोच माणूस महागाईवर ठेका धरत होता. पिक्चरवाल्यांनी आमचा राग घेतला, त्याला ढोलकी लावली आणि तिकीट लावून आम्हालाच परत विकला. हे विसरण्यापेक्षा जास्त वाईट आहे असं माझं मत आहे. विसरलेल्या माणसाला सकाळी तरी आठवतं. ज्याचा राग गाण्यात जिरला त्याला वाटतं, आपण काहीतरी केलं.

निफाडची_लेक

इथे तीन जणांनी लिहिलं तरी बाई अजून धाग्यात आलेली नाही. ठिपक्यांचा ब्लाउज शिवण्यापुरती आली तेवढीच.

दुष्काळी कामांवर बायका मोठ्या संख्येने होत्या, हे त्या काळचे फोटो पाहिले तरी दिसतं. माझी आजी येवल्याकडची. ती खडीच्या कामावर होती. तिच्या बोटांची पेरं शेवटपर्यंत वाकडी राहिली. दादांचा पिक्चर तिने बघितला का, तर नाही. घरातले पुरुष बघून यायचे आणि ओट्यावर त्यातले संवाद एकमेकांना सांगून हसायचे. बायका आल्या की गप्प व्हायचे. तेव्हा ‘मराठी माणसाने डोक्यावर घेतलं’ असं लिहिताना ‘पुरुष माणसाने’ असं लिहा.

आजीने आयुष्यात पहिला पिक्चर टॉकीजमध्ये बघितला तो ‘जय संतोषी माँ’, १९७५चा. आळीतल्या बायका बैलगाडी जुंपून गेल्या होत्या. चपला बाहेर काढून आत शिरल्या. आरतीला उभ्या राहिल्या, पडद्याकडे नाणी फेकली, काहींनी तबकंच नेली होती. देशभर असंच झालं. किरकोळ खर्चात काढलेला, मोठा नट नसलेला पिक्चर त्याच वर्षीच्या ‘शोले’ आणि ‘दीवार’च्या पंगतीला जाऊन बसला.

शिकलेल्या लोकांनी याला भाबडेपणा म्हटलं. पण ती देवी काय मागते ते बघा. शुक्रवारचा उपास आणि गूळ-चण्याचा नैवेद्य. झालं. पुरणपोळी नको, तूप नको, सत्यनारायणासारखा सव्वाच्या मापाचा शिरा नको, भटजी नकोत, सोवळंओवळं नको. साखर, रवा, तूप यातलं काहीच धड मिळत नव्हतं त्या वर्षांत हे व्रत घरोघरी पसरलं. उपासाने एक वेळचं धान्य वाचतं, आणि कमी खाण्याला पहिल्यांदा मान मिळतो. एरवी बाई उपाशी राहिली तर कोण विचारत होतं? आणि पिक्चरची गोष्ट काय? सासरी छळलेली, उष्टं-खरकटं वाट्याला आलेली सून. जावांनी तिला दिवसभर राबवायचं आणि नवरा परगावी. आजीला यात काही विसरायचं नव्हतं. तिचंच घर पडद्यावर होतं, फक्त तिथे तिच्या बाजूने कोणीतरी उभं होतं.

पडद्यामागे दादा, तुमचे वडील पेट्या घेऊन फिरले, त्यांना गल्ला माहीत होता. पण गल्ल्यावरून माणूस आत कशासाठी शिरला हे कळत नाही.

रंगपीठ

मला दोन गोष्टींचा स्पष्ट विरोध करायचा आहे.

एक, नाटकाला ‘पांढरपेशांचं’ म्हणून बाजूला सारणं. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७०चा. नाशिकच्या माणसाने लिहिलेलं हे नाटक पुढची सगळी टंचाईची वर्षं गावोगाव चाललं. निवृत्त झालेला म्हातारा, सगळी मिळकत मुलांच्या हवाली केलेली, आणि मग राहायला घर नाही. महागाईत पेन्शनीवर जगणाऱ्या, मुलाच्या संसारात अडचण होऊन बसलेल्या माणसांनी ते बघितलं आणि रडले. कोणाला विसरायला लावलं त्याने? दुष्काळाच्या ऐन वर्षात, १९७२ मध्ये, तेंडुलकरांचा ‘घाशीराम’ आणि ‘सखाराम’ दोन्ही रंगभूमीवर आले. सेन्सॉर, कोर्ट, निदर्शनं, सगळं झालं. सत्तेला आणि समाजाला खरा त्रास झाला तो इथे. दादांच्या पिक्चरचा पाटलाला किंवा पुढाऱ्याला त्रास झाला असं उदाहरण द्या. उलट पुढारी पहिल्या रांगेत बसून हसत होते. ‘सोंगाड्या’ला दादरच्या थिएटरने दार लावलं तेव्हा त्यासाठी राजकीय ताकदच मदतीला आली, हा तर सर्वश्रुत इतिहास आहे. ज्या विनोदाने कोणाच्या खुर्चीला धक्का लागत नाही त्याला बंड म्हणू नका.

दोन, चित्रपटाचंच बोलायचं तर ‘सामना’ला तुम्ही विसरलात? साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव पाटील आणि ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा एकच प्रश्न धरून बसलेला दारुडा मास्तर. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. ७५ साली बर्लिनच्या महोत्सवापर्यंत गेला. आपल्या जिल्ह्यातसुद्धा कारखाने, सोसायट्या, त्यांचे पाटील होतेच. हा चित्रपट थेट आपल्याबद्दल होता. आणि सुरुवातीला तो चालला नाही! लोकांना जर खरोखर स्वतःचं वास्तव ओळखायचं होतं, तर त्यांनी ‘सामना’ डोक्यावर का घेतला नाही? गोदाकाठ यांच्या सिद्धान्तात याचं उत्तर नाही.

गोदाकाठ

रंगपीठ, प्रश्न बिनतोड वाटतो, पण उत्तर आहे. ‘सामना’ पाटलाकडे बघतो, मास्तराकडे बघतो. मारुती कांबळे त्यात जवळजवळ दिसतच नाही. त्याच्याबद्दल दुसरेच बोलतात. स्टॉलमध्ये बसलेला माणूस मारुती कांबळेच्या जागचा होता. त्याला त्या पिक्चरमध्ये बसायला जागा नव्हती. म्हणून चित्रपट लहान ठरत नाही, मला तो अतिशय आवडतो. पण दादांच्या ‘सोंगाड्या’त त्यांचा नायक नाम्या सगळ्या चौकटी भरून असतो. तमाशाच्या नादी लागला म्हणून आई घराबाहेर काढते, तिथून पुढे गोष्ट त्याचीच. कोण कुठे उभं राहून बोलतंय, याने फरक पडतो.

पुढाऱ्यांना त्रास झाला नाही हे खरं. पण मी बंड म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं ओळख. लोक आपली परिस्थिती नीट ओळखून होते आणि करमणुकीतही ती मागत होते, एवढाच माझा दावा आहे.

‘बॉबी’बद्दल. पडद्यामागे, एक प्रसंग तुम्हालाही माहीत असेल. फेब्रुवारी १९७७, निवडणुका जाहीर झालेल्या, दिल्लीत रामलीला मैदानावर जयप्रकाश आणि जगजीवनराम यांची सभा. लोकांनी घरीच बसावं म्हणून दूरदर्शनने त्याच संध्याकाळी ‘बॉबी’ लावला. सरकारचा विश्वासही तुमच्यासारखाच होता, की गोड पिक्चर दाखवला की लोक विसरतात. तरी मैदान भरलं आणि पुढच्या महिन्यात सरकार पडलं. लोकांनी ‘बॉबी’ मनापासून बघितला होता. पण त्यामुळे त्यांना काही विसरायला झालं नव्हतं. मनमाडकर, तुमच्या ओट्यावर राग जिरला असं तुम्ही म्हणता. मग ७७ला मतपेटीत काय पडलं?

निफाडच्या ताई, ‘पुरुष माणसाने’ ही दुरुस्ती रास्त आहे. आणि संतोषीमातेचं तुम्ही मांडलंत ते माझ्या म्हणण्याला दादांपेक्षाही भक्कम आधार देतं.

मनमाड_जंक्शन

७७चं मत महागाईविरुद्ध नव्हतं. ते नसबंदी आणि दडपशाहीविरुद्ध होतं, आणि तेही मुख्यतः उत्तरेत. महाराष्ट्रात काँग्रेस पुसली गेली नाही. संपातल्या मागण्यांचं पुढे काय झालं ते विचारा. बोनसचा प्रश्न किती वर्षं रखडला ते रेल्वेवाल्यांना विचारा. गाण्याने मत मिळवलं, असा पुरावा मला यात दिसत नाही.

देशवंडीचा_वाटसरू

इतका वेळ वाचतोय. पिक्चर, नाटक, रेडिओ. सगळ्याला तिकीट किंवा लायसन्स लागतं. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हतं त्यांची करमणूक कोणती होती?

सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे लोककवी वामनदादा कर्डकांचं गाव, जन्म १९२२. मी त्याच गावचा. वामनदादा गाठोडं घेऊन वस्ती-वस्तीवर जायचे. वर्गणी काढून चहा आणि भाकरीची सोय झाली की कार्यक्रम. कंदील किंवा गॅसबत्ती, एक ढोलकी, एक पेटी. ना पडदा, ना मंडप. टाटा-बिर्लांना धनाचा साठा कुठे ठेवलाय आणि त्यात आमचा वाटा कुठाय असं थेट विचारणारं त्यांचं गाणं आजही भीमजयंतीला वाजतं. रात्र-रात्र माणसं बसायची. गाण्यांवर हसायची, रडायची, आणि मधेच एखादा उठून म्हणायचा, ‘ते पुन्हा घ्या.’ ही करमणूक नव्हती असं कोण म्हणेल? आणि विसरण्याचा तर प्रश्नच नाही. ते गाणं रोज नव्याने आठवण करून द्यायचं.

मनमाडकर, तुम्ही म्हणता गाण्यात राग जिरतो. तिकीट काढून ऐकलेल्या गाण्यात जिरत असेल. पण जो गाणारा सकाळी तुमच्याच दारात भाकरी खातो, ज्याच्या अंगावर तुमच्यासारखाच सदरा आहे, त्याचं गाणं ऐकून राग शहाणा होतो. याच पट्ट्यात ती परंपरा जुनी आहे. तीसच्या दशकात, तेव्हाही जगभर मंदी होती, निफाडकडच्या भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, म्हणजे गाण्यांतून प्रबोधन करणारे कार्यक्रम, गावोगाव फिरले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३०ला सुरू झाला, त्याची गाणी जलशांतून पसरली. माणसं जलसा बघायला यायची आणि सभेला थांबायची. १९७२ला दलित पँथर निघाली तेव्हा मुंबईतली पोरं याच गाण्यांवर वाढलेली होती.

म्हणून मला गोदाकाठांचा मुद्दा मान्य आहे, पण दादांवर तो टेकवणं मान्य नाही. दादांच्या नायकाची जात कोणती होती हे कधी कोणी बोललं का? तो गरीब होता, पण गावकुसाबाहेरचा नव्हता.

पडद्यामागे

ही सगळी चर्चा ऐकून मला एक वेगळाच पदार्थ ताटात वाढायचा आहे. त्या दशकातली खरी सर्वव्यापी करमणूक म्हणजे मटका.

हसू नका. राज्य लॉटरी एप्रिल १९६९ला सुरू झाली, तिकीट टपरीवर मिळायला लागलं. आणि रतन खत्रीच्या मटक्याचा आकडा रोज फुटायचा, ओपन आणि क्लोज. नाशिक, मालेगाव, मनमाड, कुठेही पानटपरीवर जा, संध्याकाळी लोकांचे डोळे रस्त्याकडे. स्वप्नात काय दिसलं, त्यावरून कोणता आकडा, यावर तासन् तास चर्चा. गुरुनाथ नाईकांच्या रहस्यकथा भाड्याने आणून वाचायच्या आणि त्यातलं पान नंबर बघूनही आकडा लावायचा, असे लोक मी लहानपणी पाहिलेत. पाच पैशांत उद्या सकाळपर्यंतची आशा मिळत होती. पिक्चरपेक्षा स्वस्त.

आता सांगा, यात ओळख आहे, राग आहे, की परंपरा? यात फक्त एक गोष्ट आहे: उद्या आपण या खड्ड्यातून बाहेर असू. ‘बॉबी’तही तेच होतं. ‘दीवार’मध्ये बूट पुसणारा पोरगा मोठा होऊन इमारत विकत घेतो, तेही तेच. तुम्ही सगळे शहाणे लोक गरिबाच्या करमणुकीत शहाणपण शोधताय. त्याला बाहेर पडायचं होतं. बस.

निफाडची_लेक

पडद्यामागे दादा, मटक्याने किती घरं बसली ते त्या घरातल्या बायकांना विचारा आणि मग त्याला करमणूक म्हणा. माझ्या आजोबांनी खडीच्या मस्टरचे पैसे आकड्यावर लावले आणि आजीने ते दुसऱ्या आठवड्यात मुकादमाकडून स्वतःच्या हातात घ्यायला सुरुवात केली. भांडण झालं, पण तिने सोडलं नाही. त्या काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या बरोबर हजारो बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरत होत्या. आजी कधी मोर्चात गेली नाही. पण थाळ्या-लाटण्यांची ती बातमी तिला माहीत होती, आणि तिला ती एखाद्या पिक्चरच्या गोष्टीसारखी सांगायला आवडायची. कोणी कोणाला कसं घेरलं, मंत्री कसा मागच्या दाराने पळाला, वगैरे. किती खरं, किती तिने घातलेलं, देव जाणे.

देशवंडीकर, तुमचं म्हणणं मला सगळ्यात पटलं. एकच विचारते, त्या रात्रीच्या गाण्यांना बायका पुढे बसायच्या का?

देशवंडीचा_वाटसरू

बसायच्या. पुढेच, लेकरं मांडीवर घेऊन. माझी आई तिथेच गाणी शिकली. शेवटची काही गाणी तर बायकाच म्हणायच्या, वामनदादा नुसता ठेका धरायचे. दादांच्या पिक्चरला माझी आईही गेली नाही. संतोषीमातेलाही नाही, आम्ही दीक्षा घेतलेली होती.

रंगपीठ

देशवंडीचा वाटसरू, हे फार मोलाचं लिहिलंत. माझा आक्षेप तरी कायम आहे. तुम्ही सांगितलेला जलसा आणि ‘घाशीराम’ हे माझ्या मते एका बाजूला आहेत, दादा आणि ‘बॉबी’ दुसऱ्या. गोदाकाठ या दोन्हींना ‘ओळख’ या एका शब्दाखाली आणू बघतात, ते जमत नाही.

गोदाकाठ

रंगपीठ, मला ते जमतं असं अजूनही वाटतं, कारण मी नाटकाच्या बाजूने न बघता बघणाऱ्याच्या बाजूने बघतोय. ताईंची आजी, देशवंडीकरांची आई, मनमाडचे नाचणारे काका: तिघांनी वेगळं बघितलं, पण तिघांनाही आपण कुठे उभे आहोत हे बघताना पक्कं माहीत होतं. पडद्यामागे म्हणतात तो बाहेर पडायचा ध्यासही त्यातूनच येतो. खड्डा दिसल्याशिवाय कोणी बाहेर पडायचं स्वप्न बघत नाही.

आता एक काम करू या. ज्यांच्या घरात त्या वर्षांतली मंडळी आहेत त्यांनी त्यांना फक्त एवढं विचारा: ७२ ते ७५ मध्ये काय बघितलं, कोणाबरोबर, आणि पैसे कुठून आणले. आवडलं का हे विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. नांदूर-मध्यमेश्वर, नायगाव, चांदवड, वणीच्या जत्रेतल्या तंबूत काय लागायचं हे कोणी सांगू शकलं तर फारच चांगलं.

पडद्यामागे

वडिलांना विचारलं. वय झालंय, पण पेट्यांचं विचारलं की डोळे चमकतात. म्हणाले, वणीच्या जत्रेत पौराणिक आणि मारामारीचे जुने पिक्चर, तुटलेल्या रिळांचे, कारण नवीन कोणी तंबूवाल्याला देत नसे. दुष्काळाच्या वर्षी गर्दी कमी झाली का विचारलं, तर म्हणाले जास्त झाली, कारण कामावर रोख पगार मिळत होता आणि घरात शिजवायला काही नव्हतं. मग लोक विसरायला यायचे का, हे मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, ‘मी मशीनच्या खोलीत असायचो. मला त्यांची पाठ दिसायची.’

तरी माझं मत मी बदललेलं नाही.